वाजणारा कीबोर्ड

मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा म्हणून मी महिनाभर व्हिडिओ पाहिले होते. मी घरून नोकरी करतो आणि मधूनमधून गेम खेळतो. तो खेळ आईच्या कानावर जाऊ नये, म्हणून मला बिनआवाजाचा हवा होता.

रत्नागिरीतल्या त्या दुकानात माझ्याआधी एक काका उभे होते. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देताना त्यांना मी येताजाता पाहिलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते प्रत्येक कीबोर्डवर एकच ओळ पुटपुटत बडवत होते, "मेहेरबान कोर्टास विनंती की..."

"हा घ्या, अजिबात आवाज नाही," दुकानदार म्हणाला.

काकांनी तो परत सरकवला. "आवाज नाय आला तर समोरच्याला वाटतं, मी नुसता बसलोय. त्याला आपलं काम होताना ऐकू यायला हवं."

सगळ्यात कडाकडा वाजणारा घेऊन ते गेले. मी मनात हसलो आणि दुकानदाराकडे तसाच दुसरा मागितला.

आता मी भर दुपारी गेम खेळत असतो, आणि आई दारात आलेल्या शेजारीणबाईंना दबक्या आवाजात सांगते, "हळू बोला हो, त्याचं काम चाललंय."