चव पास करणाऱ्या वहिनी

तयार जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आधी भोकं पाडायची असतात, हे मला झाकण उडाल्यावर कळलं. मायक्रोवेव्हचं दार उघडायला आणि टोमॅटोचा रस्सा ओट्यावर, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर यायला एकच गाठ पडली.

डबा दादासाठी होता. त्याचं हृदय थकलंय, पायांना सूज येते. मीठ आवरलं नाही तर पुढचं काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. घरचं अळणी खाऊन तो रडकुंडीला आला होता, म्हणून वहिनी बाहेर गेल्याचं बघून मी सुपरमार्केट गाठलं. डब्यावर हिरवं पान होतं आणि 'हलका आहार' असं छापलेलं. पानावर कोण अविश्वास दाखवणार?

नेमक्या तेव्हाच वहिनी परतल्या. ओट्यावरचा रस्सा बोटाने चाखून म्हणाल्या, "आमच्याकडचाच. भावोजी, फडकं सिंकखाली आहे."

वहिनी निवृत्त होईपर्यंत या डब्यांच्या कारखान्यात चव बघायच्या. गार करून ठेवलेलं अन्न पुन्हा गरम केलं की मिळमिळीत लागतं. मग मीठ वाढवायचं, साखर वाढवायची. वहिनींनी मान डोलावली की माल बाहेर. आमच्या घराण्यात एवढा मान कुणाच्याच मानेला नव्हता. वाकड्या झाकणांचे डबे कामगारांना मिळत. संध्याकाळी वहिनींची पिशवी भरून यायची आणि दादा वर्षानुवर्षं मिटक्या मारत जेवायचा. मीही आयता जाऊन बसायचो आणि वर वहिनींच्या हाताची तारीफ करायचो.

"काय फुटलं रे?" आतून दादा.

"तुझं जेवण."

"ओट्यावर उरलंय का थोडं?"

"पुसला ओटा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी भोपळा शिजवला, मिरी घातली, लिंबू पिळलं, ताट आत नेलं. दादाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "तुझ्या हातची चव गेली गं." वहिनींनी ताट तसंच आणून ओट्यावर ठेवलं.

मी भिंत पुसत होतो. न राहवून विचारलं, "वहिनी, त्या डब्यांत किती मीठ असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं का तुम्हाला?"

"माहीत होतं, दमलेली असायचे."