काढून ठेवलेल्या सेन्सरचे आकडे

इथले अनुभव वाचून मला कायम हसू आलंय. निम्म्या लोकांना भूत दिसतं ते आदल्या रात्रीच्या बिर्याणीमुळं, असं माझं स्पष्ट मत... ते अजूनही फारसं बदललेलं नाही. तरी हे लिहितोय.

शेंद्र्याच्या एका कागद कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आमच्याकडं को-जनरेशन आहे — एकाच बॉयलरच्या वाफेवर वीजही बनते आणि कागदही वाळतो. चिमणीत धूर मोजणारा सेन्सर असतो, त्याचे आकडे थेट सरकारी खात्याला जातात. आमचे मॅनेजर म्हणजे दिव्य माणूस. टर्बाइनला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधणार, पण धूर गाळणाऱ्या फाटक्या पिशव्या बदलायला यांना मुहूर्त सापडत नाही. त्यांनी सोपा उपाय काढला — सेन्सर चिमणीतून काढायचा आणि माझ्या एसी केबिनमध्ये ठेवायचा. हवा स्वच्छ, आकडे स्वच्छ. काढला कोणी? मीच.

एका सकाळी, अकराच्या लख्ख उन्हात, स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला. सेन्सर टेबलावरच होता. खिडकीतून बघितलं तर चिमणीतून काळा धूर. धूर वाढला की आकडा चढायचा, कमी झाला की उतरायचा. मी केबल उपसली. आकडा चालूच... सेन्सर हातात घेतला, तर चहाच्या पेल्यासारखा गरम.

खात्याचा फोन आला तसे मॅनेजर केबिनमध्ये घुसले, सोबत बॉयलर अटेंडंट गायकवाड मामा. मामांचं घर चिमणीचा धूर वाऱ्यानं जातो त्याच बाजूला, बायकोला दमा. पिशव्या बदला म्हणून ते एकटेच भांडायचे.

"यानंच सेन्सर परत चिमणीत बसवला," मॅनेजर मला म्हणाले आणि मामांकडं वळले. "आत्ताच्या आत्ता घरी जा, परत येऊ नको."

"म्या हात बी नाय लावला. साहेबाला इचारा."

सेन्सर तेव्हा माझ्या हातात होता, पाठीमागं लपवलेला. खरं बोलावं तर वेड्यात निघणार, वर सेन्सर मी काढला हे खात्यापर्यंत जाणार. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही, सर." थू माझ्या जिंदगीवर.

दुपारी गेटवर मामा दिसले, हातात जेवणाचा डबा. शिवी देतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "त्या मशीनला बी राहवलं नाय, साहेब. तुम्हाला कसं काय राहवलं?"

सेन्सर मी नंतर तपासून घेतला, काहीही बिघाड नाही. आकडे कुठून येत होते, ते आजही सांगता येत नाही. मामांचा नंबर माझ्याकडं आहे. अजून लावलेला नाही.