लाल का पिवळी

राळेगावच्या स्टँडपाशी एक पंक्चरवाला बसते. दुकानात त्यानं दोन मोटारींचे फोटो चिटकवले हायेत, शर्यतीत पळणाऱ्या, एक लाल, एक पिवळी. मी सरपनाचा भारा उतरवला का तो इचारते, "मावशी, लाल घेऊ का पिवळी?"

"दोनच शिटा हायेत बाप्पा. लेकरं टपावर बसवशीन का?"

"टपच नाही ना तिले!" हासते, मंग हळूच म्हनते, "इकत घेऊ, का मक्त्यानं, सालभराच्या भाड्यानं? तशी बी भेटते म्हने."

"मक्त्याच्या वावरात शेनखत कोन टाकते? आपली असन तं जीव लागते."

"मंग इकतच!" म्हनते, आन् दुकानाबाजूची जागा झाडून पानी शिंपडते. गाडी तिथं लावाची हाये.

अळीनं कापूस खाल्ला त्या सालांत सायकली बी येत नोहत्या. चहावाला ती जागा भाड्यानं मागे. त्याच्या घरी चूल थंडी, बायको रडली, तरी हा म्हने, "मंग गाडी कुठं लावू?"

मले लय राग आल्ता. आमी तं तवा लुगडं बी मागनं सोडलं होतं.

आता तिथं कोनी सायकल लावली तं मीच म्हनते, "सरकव बाबू. इथं गाडी लागनार हाये."