दारातले बूट

ओपलच्या तोंडचं अर्धं वाक्य मी कापलं. जागा वाचली म्हणून खूशही झालो होतो.

आमच्या कोर्टात, घरात मार खाल्लेल्या किंवा वाऱ्यावर सोडलेल्या मुलाला एक स्वयंसेवक मिळतो. त्याने मुलाला भेटायचं, शाळेत-शेजारी चौकशी करायची आणि जे दिसलं ते न्यायाधीशांना लिहून द्यायचं. पगार शून्य. आठ वर्षांच्या ओपलला मिळाल्या व्हर्ना स्टिडम. वय सदुसष्ट. पाइन फोर्कच्या शाळेची बस त्यांनी एकतीस वर्षं चालवली. मीही त्याच बसमधला. कोर्टाच्या तळघरात टायपिंगला लागलो, तेव्हा त्यांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली, "हा टॅनर. तिसऱ्या सीटवर ओकायचा."

बसच्या आरशात त्यांना सगळं दिसायचं. सोमवारी कोणाच्या अंगात शुक्रवारचाच शर्ट आहे, घर आलं की कोण उगाच बुटाची नाडी बांधत बसतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबरचे लोक मासे धरायला गेले, व्हर्नाबाई कोर्टात आल्या.

व्हर्नाबाई पिवळ्या वहीत लिहितात, मी टाइप करतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे हा नियम. ओपलने तर स्वतःची जांभळी पेन्सिल दिली होती. "हिनेच लिही, म्हणजे माझं आहे हे कळेल. आणि परत दे."

पण आमचे न्यायाधीश ऑटिंजर तीन पानांच्या वर एक ओळही सहन करत नाहीत. वहीत होतं, 'मला आईकडे जायचंय. दारात बूट नसतील तर.' पोरीने बुटांचं काय काढलंय, असं म्हणत मी पहिलं वाक्य ठेवलं. व्हर्नाबाईंचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी न वाचता सही केली आणि अहवाल सगळ्यांना गेला.

सुनावणीच्या सकाळी बाकावर बसून त्यांनी तो वाचला.

"टॅनर, बूट कुठे गेले?"

"कुठले बूट?"

"डॅरेलचे." डॅरेल म्हणजे ओपलच्या आईबरोबर राहणारा माणूस. "ते दारात दिसले की पोरगी घरात जात नाही. जानेवारीत शेजाऱ्यांच्या खुराड्यामागे सापडली, थंडीने बोटं निळी पडलेली. आई म्हणते, किल्ली हरवली होती. बुटांचं सोडून आपल्याकडे दुसरं काही नाही रे."

पाच मिनिटांत पुकारा झाला.

आईच्या वकिलाने माझं वाक्य खणखणीत वाचलं. "मुलगी स्वतःच घरी जायचं म्हणते. आजच पाठवावी."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तिचेच शब्द?"

"अर्धे, साहेब," व्हर्नाबाई उठल्या. "बाकीचे या वहीत आहेत."

"सही तुमचीच ना?" वकील हसला. "मग खरं काय मानायचं, सही की वही?"

"सही मी न वाचता केली, चूक माझी. वही मात्र पोरीसमोर लिहिली."

मी मागच्या बाकावर होतो. उठून खरं सांगायला हवं होतं. मी बसूनच राहिलो.

न्यायाधीशांनी वही वाचली, पान उलटलं, पुन्हा मागे आले. मग आईला विचारलं, "डॅरेलचे बूट आज कुठे आहेत?"

"हल्ली दारात फक्त सकाळीच असतात," ती म्हणाली.

ओपलचं जाणं सहा आठवडे पुढे ढकललं. तोवर कोर्टाने तिला आत्ता ज्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलंय तिथेच ती राहील, आणि डॅरेल अजून आईच्या घरात राहतो का ते तपासलं जाईल. नंतरचं कोणालाच माहीत नाही.

बाहेर मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तो वकील तुझ्यावरच तासभर चरला असता. तेवढा वेळ होता का आपल्याकडे?" त्यांनी पर्समधून जांभळी पेन्सिल काढली. "ही ओपलला दे. काय कापलंस तेही तूच सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"तुझ्यासाठी मी बस पुष्कळ थांबवली, टॅनर."

ओपल दर मंगळवारी आईला भेटायला वरच्या खोलीत येते. मंगळवारीच मला नेमकं मागे फायली लावायचं काम निघतं. आज पाचवा मंगळवार. पेन्सिल माझ्या खिशात आहे. मध्ये एकदा टोक काढलं, तेवढी लहानही झालीय.