खाऊ ओळखणारी

सुरतेत आश्विन आला तरी ऊन काही कमी होत नाही, उलट जास्तच तापतं. त्यात नवरात्राचे भोंगे. लिंबायतमधल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी विशेष शिक्षिका आहे. म्हणजे वर्गात ज्यांचं जमत नाही अशी मुलं माझ्याकडे येतात, आणि मी काहीतरी जादू करून त्यांना परत वर्गात बसवावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी मुलांवर चिडत नाही. मोठ्यांसमोर मात्र माझं तोंड आवरत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वर्षी माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी होती. स्वमग्न, अजिबात न बोलणारी. भोंगा लागला की कानांवर हात ठेवायची आणि फाटक उघडं दिसलं की धूम ठोकायची. वडील लूमवर कामाला, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. ते काम टाकून मुलीला शाळेत आणणं तिला रोज जमत नसे, म्हणून पोर बऱ्याचदा घरीच राहायची.

"हाई पयी जास, बेन," आई मला तिच्या अहिराणीत म्हणाली. इथे बाईंना सगळे गुजरातीसारखं बेनच म्हणतात. "मी काम करू का हिन्हामांगे पयू? दिवाईले गावले जासूत, तव्हय हिन्हा आजीजोडे ठेई येसूत."

मुलगी गावी आजीकडे राहिली, की तिची शाळा संपली. तिथे तिला शिकवणारं कोण होतं? म्हातारी तिला जेवू घालणार आणि दाराला कडी लावणार. मी आईला समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

अशाच एका संध्याकाळी मी आणखी एकदा वाद घालायला त्यांच्या घरी गेले. आई मेथी निवडत बसली होती. शेजारच्या ओट्यावर गुलाबाईची मातीची मूर्ती बसवलेली. खानदेशातल्या मुली महिनाभर घरोघर जाऊन गुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा समोर आणते. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. एकाही पोरीला ओळखता येणार नाही असं काहीतरी करण्यात बायकांची सगळी अक्कल पणाला लागलेली असते. शेजारीण डबा हलवत होती आणि आतून आवाजच येत नव्हता. शेव, शेंगदाणे, लाडू, खमण, पोरींचं सगळं सांगून झालं. शेजारीण नुसती मान हलवत होती.

आमची मुलगी दारातून हे बघत होती. ती उठली, पोरींच्या मधून वाट काढत गेली आणि डब्याच्या झाकणाला नाक लावलं. मग धावत घरात आली, आईच्या पुढ्यातली मूठभर मेथी उचलली आणि नेऊन झाकणावर ठेवली.

शेजारणीचं तोंड बघण्यासारखं झालं. डब्यात मेथीची ढेबरं होती, बाजरीच्या पिठाची, दशमीसारखी मऊ.

पोरींनी एकच गिल्ला केला. मुलीने कान झाकून घेतले, पण पळाली नाही. हात पुढे करून ढेबरं घेतलं आणि तिथेच बसून खाल्लं. चित्रांची कार्डं दाखवून दाखवून मी थकले होते, तिने कधी एका कार्डाला बोट लावलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की वाद घालायचं विसरूनच गेले. मीही एक ढेबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून त्या पोरी तिला बोलवायला तिच्या दारी येऊ लागल्या. यात दयामाया काही नव्हती, शुद्ध स्वार्थ. ती बरोबर असली की कुठल्याही घरचा खाऊ लपत नसे. गल्लीतल्या बायका वैतागल्या. एकीने तर डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणला, तेव्हा पोरींनी भांडून ती पिशवी सोडायला लावली. पुढे त्या सकाळीही येऊ लागल्या. एक डाव्या हाताला, एक उजव्या, अशी तिची वरात शाळेत यायची. मी त्यांना एवढंच शिकवलं, की तिचं मनगट आवळायचं नाही आणि रहदारीच्या बाजूला तिला ठेवायचं नाही.

ती बोलायला लागली नाही. एकदा माझा चष्मा फेकला, दोनदा वर्गातून पळाली. पण ती रोज येत होती.

कोजागिरीला गुलाबाईचं विसर्जन झालं, तरी पोरी यायच्या थांबल्या नाहीत. मला वाटलं, आता तरी आईचा विचार बदलेल. सुट्टी लागायच्या दिवशी विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, घरच्यांनी ठरवलंय. मी तिला नको ते बोलले. बोलायचंच होतं.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली त्या सकाळी तिच्या मैत्रिणी एकट्याच आल्या. त्यांतली एक रडत होती. "घर नही शे ती. गावले ठेई उनात," दुसरीने सांगितलं. त्या सवयीने तिच्या दारी गेल्या होत्या.

शाळा सुटल्यावर मी तडक तिच्या घरी निघाले. काय काय बोलायचं ते मनात तयार होतं, एक शब्द गिळणार नव्हते.

आई दारातच बसली होती. साडी मांडीवर तशीच पडलेली, एकही खडा लावलेला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"आजपावत मन्ही आंडेरले बलावाले दारवर कोनीच येल नव्हतं, बेन. आज पोरी उन्यात. मी सांगं, ती नही शे. तरी जायेतच ना. उभ्याच राहिन्यात."

आंडेर म्हणजे लेक. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तीही रडली, मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "तिन्हा बाप दुपारनी गाडीमा गावले गया, तिले परत लेवाले."