इंदापूरला वायर पोचवायला गेलो तेव्हा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यात मी जुन्या घरगुती कॉम्प्युटरना जादा मेमरी बसवून द्यायचो. धंदा कसला, छंदच, पोट नोकरीवर. इंदापूरच्या शाळेतले ज्ञानू मास्तर हे माझं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक. नवरात्रात त्यांचा फोन आला. "टेपला जोडायची वायर तुटली. सगळं तुमच्या रॅमडिस्कमधी हाय. कायबी करून या."

रॅमडिस्क म्हणजे मेमरीनं घेतलेलं डिस्कचं सोंग. लिहिते झटपट, वाचते झटपट, वीज गेली की पाटी कोरी. मास्तरांचे वडील, आबा, पूर्वी मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. त्या वाटेचा एकेक मुक्काम आबा सांगत होते आणि मास्तर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत होते. हे सगळं कॅसेटच्या टेपवर उतरवेपर्यंत मशीन बंद करून चालणार नव्हतं. वीज गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून त्यांनी ते आठवडाभर जागं ठेवलं होतं.

खंडेनवमीला सकाळी स्वारगेटहून बारामतीची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर सणासुदीला जाऊ नका. बारामतीपर्यंत मी उभा, आणि माझ्या पायावर कुणाचं तरी झेंडूचं पोतं. स्टँडवर मिसळ खाल्ली, ती तेवढी झकास. पुढं इंदापूरची गाडी. ऊस, पुन्हा ऊस. डोळा लागला की खड्डा. इंदापूरहून नरसिंहपूरच्या रस्त्याला जीपमध्ये कोंबून घेतलं. फाट्यावर मास्तर घ्यायला आले तेव्हा अंगाचा नुसता भुगा झाला होता.

वस्तीवर ट्रॅक्टर धुऊन, हार घालून उभा. आत टेबलावर विळा, कोयता आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही हार. पडदा काळा. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं.

"आई, ह्यो कुणी बंद केला?"

"मीच की," त्यांची आई चुलीपुढून म्हणाली. "आज ट्रॅक्टरला सुट्टी, कोयत्याला सुट्टी. ह्यो बिचारा आठ दिस जागा. म्हणलं, निजू दे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी हाडं खिळखिळी केली ती फुकट! पण भांडायचंही त्राण नव्हतं. भिंतीला टेकून बसलो. मास्तरांनी तर डोकं धरलं.

"रडतोस काय? उद्या बस, पुन्यांदा सांगतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीनचा हार काढला आणि माझी वायर जोडली. एकेक मुक्काम झाला की टेपवर उतरवायचा, तोवर आबांनी गप्प बसायचं. "मेंढरं बी येवढी थांबत न्हवती," ते कुरकुरले. घाट उतरल्यावर मात्र अडखळले. "फुडचा मुक्काम... मागल्या टायमाला काय सांगितलं हुतं रं?"

मास्तरांना आठवेना. त्यांनी सगळं मशीनवर सोडलं होतं.

"करवंदीचा माळ," चुलीपुढून आवाज आला. "ज्ञानू तितंच झाला की."

मास्तर वळले. वाटेत जन्मलो एवढंच त्यांना माहीत होतं. "हे आबा कधी बोलले न्हाईत."

"त्ये कुठनं बोलत्याल? त्ये मेंढरं घिऊन फुडं गेलं हुतं. सांजच्याला वळून आलं तवा तू पदरात."

मास्तरांनी उठून टेबल चुलीकडं ओढलं. "आई, आता तू सांग."

"मी काय सांगू? मी निस्ती मागनं चालले," ती म्हणाली. आणि सांगत राहिली.

मी दुपारी निघालो. परतताना हायवेनं आलो, भिगवणला गाडी थांबली तेव्हा खाली उतरलो. तळलेल्या मासळीचा वास सुटला होता, पण पोटात जाईना, चहावर भागवलं. घरी पोचलो तर पाय सुजलेले.

"मिळालं का त्यांचं सगळं?" बायकोनं विचारलं.

"सगळं गेलं," मी म्हणालो.

दमलो होतो, पण वाईट वाटत नव्हतं. आबांनी पहिल्यांदा सांगितलेली वाट जशीच्या तशी टेपवर चढली असती, तर मी चहा पिऊन निघालो असतो आणि त्या बाईला कुणी काही विचारलंच नसतं.