धुवणाचं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी नांदेडला पीएच.डी.चं शेवटचं काम करत होते. वय बेचाळीस. कॉलेजातून रजा घेतलेली. नवरा आणि सासूबाई लातूरला, मी अर्धापूर रस्त्यावरच्या एका खोलीत. नवऱ्याच्या फोनला दोनच विषय असत: टँकर आला का, आणि त्याच्या उदगीरचा नवा जिल्हा कधी होणार. माझ्या कामाबद्दल तो विचारत नसे. मीही सांगायचं सोडलं होतं.

काम असं होतं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ऑक्झॅलिक आम्लात बुडवायचा, भांडं बर्फात ठेवायचं आणि चाळीस व्होल्टवर त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा. थर नीट चढला की त्यात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यांत तांबं भरायचं, मग थर विरघळवायचा. उरतात त्या केसाहून हजारपट बारीक तारा.

माझ्या थरावर मात्र टाचणी टोचल्यासारखे काळे खड्डे पडत होते. मोठ्या सूक्ष्मदर्शकासाठी औरंगाबादची सोमवारची वेळ मिळाली होती. ती चुकली तर पुढची दिवाळीनंतर, आणि रजा जूनमध्ये संपणार होती. आम्ल बदललं, पत्रा बदलला, जोडण्या तपासल्या. गाइड सर फोनवर म्हणाले, "बाई, स्वच्छता बघा." मला राग आला. दिवसभर मी धूतच तर होते.

प्रयोगशाळेतले मामा भोकरचे, निवृत्तीला आलेले. शुक्रवारी दुपारी ते टेबलापाशी येऊन थांबले.

"म्याडम, ह्या बीकरमधलं पाणी सकाळपासून तेच हाय ना?"

"हो. डिस्टिल्ड आहे."

"सकाळी व्हतं. आता धुवण झालं त्याचं."

"इतकं चांगलं पाणी एकदा वापरून फेकून द्यायचं?"

"लातूरचं बिऱ्हाड हाय बगा!" मामा हसले. "आंघोळीचं फरशीला, फरशीचं झाडाला."

मी हसले नाही. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. ते दुधासारखं पांढरं झालं. म्हणजे क्लोराइड. भांडी, चिमटे, सगळं मी आधी बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धूत होते आणि मग त्याच एका बीकरमध्ये बुडवत होते. मीठ तिथं साठत गेलं आणि तिथून पत्र्यावर. क्लोराइडनं ॲल्युमिनियमला खड्डे पडतात हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं. पण घरी परातीत बसून आंघोळ करायची आणि ते पाणी बादलीत भरायचं, याची हाताला इतकी सवय झाली होती की इथंही हातानं तेच केलं.

शनिवारी सकाळपासून नवं काम मांडलं. प्रत्येक वस्तू तीनदा धुवायची, दर वेळी ताज्या पाण्यानं, आणि ते सरळ बेसिनमध्ये ओतायचं. डिस्टिल्ड पाणी करायच्या यंत्राला थंडाव्यासाठी नळ चालू ठेवावा लागतो. एक बाटली भरेपर्यंत कितीतरी बादल्या गटारात जातात. मी मोजल्या नाहीत. मध्येच नवऱ्याचा फोन आला.

"आवाज कसला येलाय?"

"नळाचा."

"अन् चालू सोडलास?"

"कामाचा आहे."

तो म्हणाला, "आईनं आज दोन तांब्यांत आंघोळ केली."

"ठेवते," म्हटलं. नळ बंद केला नाही.

थर एकसारखा चढला, सोनेरी झाक असलेला, एकही डाग नाही. रविवारी तांबं भरलं. सोमवारी औरंगाबादला पडद्यावर तारा दिसल्या, कापलेल्या गवतासारख्या, दाट आणि सरळ. यंत्रावरच्या तरुणीनं विचारलं, "मॅडम, आणखी नमुना?"

"एवढाच."

परतीच्या बसमधून घरी फोन लावला.

"झालं का काम?" नवऱ्यानं विचारलं.

"झालं."

"बरं." मागं बादल्यांचा आवाज येत होता. त्यानं फोन ठेवला.

आठवडाभरानं प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण लिहायला घेतलं. त्यात एक ओळ घातली: प्रत्येक टप्प्यावर ताजं ऊर्ध्वपातित पाणी वापरलं. किती, ते लिहिलं नाही.